दुसरं दगडी घर

मी आर्किटेक्ट नाही. हे वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली, म्हणून आधी लिहून मोकळा होतो. मी ड्राफ्ट्समन आहे. आर्किटेक्टने विचार करायचा, इंजिनिअरने त्यात खोट काढायची आणि दोघांचं भांडण मिटलं की ज्याने बसून रेघा मारायच्या, तो मी. पण बुलढाण्याकडच्या आमच्या गावात ड्राफ्ट्समन म्हटलं की पुढे पाच मिनिटं समजावून सांगावं लागतं आणि आर्किटेक्ट म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात. मला बसायला आवडतं.

गावाला थाप मारली तर निदान गाव लांब असतं. मी ती घरातही मारली. मुलगी श्रावस्ती बालवाडीत होती तेव्हा बाईंनी वर्गात विचारलं होतं, कोणाचे वडील काय करतात. तिने घरी येऊन मला विचारलं आणि मी तिच्या डोळ्यांत बघून आर्किटेक्ट म्हणालो. चार वर्षांच्या मुलीशी खोटं बोलायला हिंमत लागत नाही. ते पुढे दुरुस्त करायला लागते, ती आमच्याकडे स्टॉकमध्ये नव्हती. माझ्या बायकोला, सीमाला, सगळं माहीत होतं. ती काही बोलायची नाही, फक्त अधूनमधून, "आर्किटेक्टसायेब, सिलेंडर सरलं," एवढंच म्हणायची.

आम्ही बहारीनमध्ये, माहूज भागात राहतो, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. श्रावस्ती आता अठराची आहे. तिला मराठी सगळी कळते, तिच्या आईच्या शिव्यांसकट, पण उत्तर इंग्रजीत येतं. आणि तिचा एक फार वाईट गुण आहे. चुकीची गोष्ट तिच्या कानावर पडली की ती सोडून देत नाही. हा गुण तिने कोणाकडून घेतला याचा मी बराच शोध घेतला, पण माझ्याकडून नाही एवढं नक्की.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला झल्लाकच्या किनाऱ्यावर एका रिसॉर्टचं काम मिळालं. मालकाला बागेत युरोपातली जुनी गावं हवी होती, कमरेएवढ्या घरांची, म्हणजे पाहुण्यांचे नाश्ता ते जेवण एवढ्या वेळात चार देश बघून होतील. माझ्या वाट्याला झेक देशातलं कुत्ना होरा आलं. नाव ऐकून मी ते आधी आफ्रिकेत शोधलं.

मग वाचायला बसलो आणि गुंतलो. तेराव्या शतकाच्या शेवटी तिथे जमिनीखाली चांदी लागली. राजाने लगेच हात पुढे केला. खाणींचे कायदे केले, इटलीहून कारागीर बोलावून टांकसाळ बसवली, आणि प्रागच्या खालोखाल राज्यातलं मोठं गाव उभं राहिलं. ते कुणी आखलं मात्र नाही. खाणींकडे जाणाऱ्या पायवाटा होत्या, त्याच गल्ल्या झाल्या. माझ्यासारख्या काटकोनावर पोट भरणाऱ्या माणसाला भोवळ यावी असं सगळं वाकडंतिकडं. खालची जमीन इतकी पोखरली की गावाला पाणी मिळेना, मग बाहेरून लाकडी नळांनी पाणी आणून बारा बाजूंचा दगडी हौद बांधला. एका चर्चचा एक मनोरा ताडमाड आणि दुसरा अर्ध्यावर सोडलेला, कारण पोकळ जमिनीला दुसरा पेलेल की नाही याची खात्री नव्हती. आणि सेंट बार्बराचं ते मोठं चर्च, तंबूसारखी तीन टोकं असलेलं. त्याचं बांधकाम १३८८ मध्ये सुरू झालं आणि १९०५ मध्ये संपलं. ते वाचून मला आमच्या कंपनीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

पण मला भिडलं ते वेगळंच. खाणवाल्यांचं शेजारच्या मठाशी पटत नव्हतं. गावातल्या धर्माच्या कारभारावर मठाचा हक्क होता, म्हणून यांनी आपलं चर्च हद्दीबाहेर नेऊन बांधलं. ज्याच्या आज्याचं घर गावकुसाबाहेर होतं, त्याला असं काही वाचल्यावर खुर्चीत बसवत नाही.

दर शुक्रवारी आम्ही वीस-पंचवीस जण केशवरावांच्या घरी बुद्धवंदनेला जमतो. केशवराव आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. वंदना झाली की कोणीतरी एकाने पंधरा मिनिटं माहितीपर बोलायचं असा त्यांचा नियम आहे. त्या शुक्रवारी मी पाऊण तास बोललो. राबणाऱ्या हातांनी मठाला न जुमानता गावकुसाबाहेर आपलं देऊळ उभारलं, आत भिंतीवर नाणी पाडणारा कामगार रंगवला, हातात दिवा घेतलेल्या खाणकामगाराचा पुतळा ठेवला. माझा आवाज मलाच ओळखू येईना. टाळ्या पडल्या. केशवरावांनी चष्मा काढून डोळे पुसले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून श्रावस्तीने हात वर केला. चर्चला पैसा राबणाऱ्यांनी दिला नव्हता, खाणींच्या श्रीमंत मालकांनी दिला होता, एवढंच ती इंग्रजीत म्हणाली आणि खाली बसली. ते मीही वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं, कारण त्याने भाषण लंगडलं असतं. परत येताना गाडीत ती म्हणाली की भाषण खूप छान होतं, फक्त खरं नव्हतं.

आणि अशा मुलीच्या निबंधात माझं खोटं जाऊन बसलं. तिला झेक देशातच एका विद्यापीठात जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यास करायचा होता. हे वेडही माझ्याच बडबडीने लागलेलं. अर्जासोबत निबंध हवा होता आणि त्याचं पहिलं वाक्य असं होतं की माझे वडील आर्किटेक्ट आहेत आणि त्यांनी बहारीनच्या वाळूत कुत्ना होरा बांधलं. तिने तो मला तपासायला दिला. मी एक स्वल्पविराम हलवला आणि छान म्हणालो. चार दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा तो स्वल्पविराम परत जागेवर नेला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा हलवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तिले सांगून टाका," सीमा भाकरी थापता थापता म्हणाली. "तिकडं कोनं इचारलं तं पोरगी खोटी पडन. तुमी नाई."

मी म्हणालो, इंशाल्ला, वेळ बघून सांगतो. आखातात इंशाल्ला असं म्हटलं की काम होणार नाही हे दोन्ही बाजूंना कळतं.

आता माझ्या दुसऱ्या पापाकडे येतो. कुत्ना होऱ्याच्या एका गल्लीत मला दोन्ही बाजूंना मिळून अडतीस घरं काढायची होती. एका बाजूचे फोटो चांगले होते, दुसऱ्या बाजूचे झाडांनी आणि उभ्या गाड्यांनी झाकलेले. ड्राफ्ट्समनची एक जित्याची खोड असते, अर्धं काढायचं आणि आरसा मारायचा. कॉम्प्युटरवर तशी कमांडच आहे. इकडचा फ्लॅट काढला की तिकडचा आपोआप. माहूजमधल्या निम्म्या बाथरूम उरलेल्या निम्म्यांचं प्रतिबिंब आहेत. मी एका बाजूची एकोणीस घरं मन लावून काढली आणि समोरची एकोणीस आरशाने. थोडी दारं हलवली, रंग बदलले. त्या दिवशी मुलीला ताप होता असं इथे लिहायला मला आवडलं असतं, पण भारताची मॅच होती.

त्या एकोणिसांतलं सातवं होतं दगडी घर. हे तिथलं नावाजलेलं घर आहे, पंधराव्या शतकाच्या शेवटी घडवलेलं दर्शनी तोंड, वर उंच निमुळती भिंत आणि त्यावर कोरीव काम, त्यात घोड्यावरचे स्वार. तेही आरशात गेलं. म्हणजे गल्लीत समोरासमोर दोन दगडी घरं झाली आणि दुसऱ्या घराचा स्वार भाला डाव्या हातात घेऊन निघाला. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात चौकट असते. कोणी काढलं, कोणी तपासलं. नियमाने दोन वेगळी माणसं हवीत. आमच्या ऑफिसात घाई असली की दोन्हीकडे एकच माणूस सही ठोकतो. मी दोन्हीकडे ठोकली.

घरांचे साचे अस्कर गावातल्या वर्कशॉपमध्ये बनत. तिथला साचेकार गुंडू, चंदगडचा, गावाकडे गणपतीच्या मूर्ती करायचा. हात असा की सिमेंटच्या घोड्याला घाम फुटावा. त्याचा मला फोन आला.

"सायेब, ह्यो घोडंवाला डावरा झालाय. आनि ह्येच घर समोर बी हाय. येकदा बघशीला काय?"

एक साचेकार आर्किटेक्टला शिकवतोय म्हटल्यावर माझा पारा चढला. मी त्याला सांगितलं, ड्रॉइंगमध्ये आहे तसं कर, डोकं लावू नकोस. त्याने डोकं बाजूला ठेवलं आणि अकरा दिवस बसून उलटा स्वार कोरला. फोन ठेवल्यावर चार दिवसांनी मी ड्रॉइंग उघडून बघितलं. त्याचंच बरोबर होतं. पण तोवर साचा निम्मा झाला होता, आणि चूक कबूल करायची म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर ताहिर यांच्यापुढे उभं राहायचं. मी स्वतःला समजावलं की बहारीनमध्ये दगडी घर ओळखणारं आहे कोण.

ओळखणारी बाई जानेवारीत प्रागहून आली. साठीच्या, जाड बुटांच्या, जुन्या इमारतींच्या जाणकार. रिसॉर्टने काम पास करायला त्यांना नेमलं होतं आणि त्या शिकवायच्याही. हे कळताच मी त्यांना ईमेल करून माझ्या मुलीची चित्रं बघाल का असं विचारलं होतं आणि खाली सही करताना नावापुढे काय लिहिलं ते सांगायला नकोच. त्या हो म्हणाल्या. शनिवारी तपासणी, नंतर अर्धा तास श्रावस्तीसाठी. निबंध रविवारी पाठवायचा होता. मी तिला सकाळपासूनच साइटवर नेलं. मुलीने बापाला हुकूम सोडताना बघावं अशी इच्छा होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुरुवात झकास झाली. बाईंनी हौदाच्या बाजू बोटाने मोजल्या, बारा भरल्या. अर्धवट मनोरा बघून त्या हसल्या. सेंट बार्बराच्या छपरावरून त्यांनी हात फिरवला आणि हे कोणी ओतलं म्हणून विचारलं. ताहिरनी मागे उभ्या असलेल्या गुंडूकडे मान वळवली. तो रंगाचा डबा घेऊन डागडुजीला आला होता. श्रावस्ती माझ्या बाजूला वही छातीशी धरून उभी होती. मग आम्ही त्या गल्लीत शिरलो.

बाई सातव्या घरापाशी थांबल्या. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मग गुडघ्यावर बसल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं की हा माणूस डावखुरा का आहे, आणि खऱ्या गावात एकच दगडी घर असताना तुमच्याकडे दोन कशी.

ताहिरनी एकदा घराकडे आणि एकदा गुंडूकडे बघितलं आणि हिशोब जुळवून टाकला. साचा नेहमी उलटाच कोरावा लागतो. कच्चा कारागीर त्यात घोटाळा करतो, हे खरंच आहे. ते बाईंना म्हणाले की साचेकाराने साचा उलटा मारलेला दिसतो, याचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय, ते पुढे वाढवणार नाही. मग गुंडूकडे वळून हिंदीत म्हणाले, "तुम्हारा खलास, गुंडू. सामान बाँध लो."

गुंडूने माझ्याकडे बघितलं. एकदाच.

इथे मी ताडकन पुढे झालो असं लिहिलं तर श्रावस्ती हात वर करेल. मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

बाईंनी मूळ ड्रॉइंग मागितलं. ताहिरनी गुंडूला साइट ऑफिसातून ते आणायला पिटाळलं. तो जाऊन येईपर्यंत मी त्या बारा बाजूंच्या हौदाकडे बघत राहिलो. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, ती नोकरीची नव्हती. श्रावस्ती माझ्या कानाशी येऊन इंग्रजीत म्हणाली की एकट्या साचेकाराची चूक कशी असेल, हे ड्रॉइंग कोणीतरी तपासलं असेल ना. मी म्हणालो, बघू.

गुंडू हात हलवत परत आला.

"ड्रॉइंग मफी, है ही नहीं, साब," तो म्हणाला. "सिमेंट में भीग गया था. फेंक दिया."

गुंडू ड्रॉइंग फेकत नाही. प्रत्येक कागद गुंडाळून तो प्लास्टिकच्या पाइपात ठेवतो आणि वर खडूने नंबर लिहितो, हे मला माहीत होतं. मीच त्याला त्यावरून चिडवायचो. आता त्याची मान खाली होती आणि ताहिर जे बोलत होते ते तो मुकाट ऐकून घेत होता. जो कागद त्याला वाचवणार होता तोच त्याने लपवला होता.

मी चालायला लागलो. साइट ऑफिसात गेलो, नंबर बघून पाइप ओढला, कागद आणून त्या चौघांसमोर हौदाच्या काठावर पसरला. डावखुरा स्वार तिथे होता, माझ्या हातचा, सुबक. मी बोट खालच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि सांगितलं की गुंडूने मला ही चूक फोन करून सांगितली होती आणि मी त्याला गप्प केलं. अर्धी गल्ली काढून मी आरसा मारला. मग घशात आलेलं आणखी एक वाक्य होतं, तेही सांडलं. मी आर्किटेक्ट नाही, ड्राफ्ट्समन आहे.

ताहिर बराच वेळ बोलले, ते सगळं मी पात्र होतो म्हणून इथे देत नाही. वॉर्निंग लेटर मिळालं. एकोणीस घरं मी माझ्या वेळात पुन्हा काढायची असं ठरलं. गुंडूचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं, कारण बाई म्हणाल्या की उलटा घोडा सुलट घोड्यापेक्षा सरस आहे आणि हा माणूस गेला तर मी पण जाते. श्रावस्ती कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघत होती. दोन्ही ठिकाणी माझ्या नावाची तीच दोन अक्षरं. मग बाईंनी तिला बोलावलं आणि त्या दोघी हौदापाशी वही उघडून बसल्या, अर्ध्याऐवजी सव्वा तास. मला कोणी बोलावलं नाही.

मी गुंडूला विचारलं, कागद का लपवलास.

"पोरगी हुबी हुती न्हवं," तो डब्यातला रंग ढवळत म्हणाला. "पोरीम्होरं बापाला कसं पाडायचं, सायेब?"

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. तेही नीट जमलं नाही, रंगाचा हात लागला आणि दोघांचे शर्ट खराब झाले.

घरी येताना श्रावस्ती मागच्या सीटवर बसली. सीमाने दारातच आमचे चेहरे वाचले आणि, "सुटले एकदाचे," म्हणून चहा टाकला. संध्याकाळभर आतल्या खोलीतून टायपिंगचा आवाज येत होता.

रविवारी सकाळी तिने नवा निबंध माझ्यापुढे ठेवला. तपासा, असं खुणेनेच सांगितलं. मी वाचला. तो सगळा गुंडूवर होता. सातशे वर्षांपूर्वी कुत्ना होऱ्यात राबणाऱ्यांची नावं कोणी लिहिली नाहीत म्हणून मी एक नाव लिहिते, अशी सुरुवात. अकरा दिवस, डोकं लावू नकोस हा हुकूम, पाइपात लपवलेला कागद, गुंडूला विचारून घेतलेलं सगळं होतं. मी माझ्यावरचा भाग शोधत होतो. काहीतरी असेल, बापाने शेवटी धैर्य दाखवलं वगैरे. तिसऱ्या पानावर दोन वाक्यं सापडली. माझे वडील ड्राफ्ट्समन आहेत. चूक त्यांची होती आणि त्यांनी ती चार मिनिटं उशिरा कबूल केली.

मी म्हणालो, चार कशी, फार तर तीन झाली असतील.

"चार," श्रावस्ती म्हणाली. "मी घड्याळ बघत होते."

हे ती मराठीत म्हणाली, म्हणून मला कळायला थोडा वेळ लागला. माणूस घड्याळ केव्हा बघतो? काहीतरी व्हायची वाट बघत असला की. मग तिने शांतपणे सांगितलं की अर्जाला वडिलांच्या व्हिसाची कॉपी लागते, ती तिने दोन महिन्यांपूर्वीच कपाटातून काढली होती. त्यावर माणसाचा व्यवसाय छापलेला असतो, माझ्या व्हिसावर ड्राफ्ट्समन.

"म्हणून तर तीनदा दिला होता तुम्हाला तपासायला, पप्पा."

मी निबंध पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. ती समोर बसून राहिली. या वेळी मी एकही स्वल्पविराम हलवला नाही.